फुकागावाच्या गल्लीत पन्नास मिनिटं: येण्याआधी आणि आल्यावर विचारले जाणारे प्रश्न

टोकियोत येणाऱ्या ओळखीच्या, आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या, मराठी मंडळींना मी अधूनमधून फुकागावा एदो संग्रहालय दाखवायला नेते. पैसे घेत नाही, हौस आहे. पण तेच ते प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर इतक्यांदा टाइप करून झाले की आता एकदाच सगळं लिहून ठेवतेय. वाचून या, म्हणजे तिथे पोचल्यावर नव्या प्रश्नांना वेळ राहील.

तिथे नेमकं बघायचं काय?

एक गल्ली. खरंच, तेवढंच. सुमिदा नदीच्या पूर्व काठावर सागाचो नावाची वस्ती होती. १८४० च्या आसपास ती जशी असेल तसा तिचा एक तुकडा मोठ्या दालनाच्या पोटात पूर्ण मापाने बांधून ठेवलाय. तेल आणि खताचा घाऊक व्यापारी, त्याचं पांढऱ्या भिंतींचं गोदाम, भाजीवाला, तांदूळ सडून देणारा, होड्या भाड्याने देणाऱ्यांची दोन घरं, कालवा, त्यात एक निमुळती होडी, आगीवर नजर ठेवायचा मनोरा आणि दुकानांच्या मागे गरिबांची वस्ती.

तलवारी, चिलखतं, सोनेरी पडदे असलं काही नाही. सामुराई बघायचे असतील तर इथे येऊ नका, हे मी आधीच सांगते. एका काकांनी सगळी फेरी संपल्यावर "बरं, आता मुख्य म्युझियम कुठे आहे?" असं विचारलं होतं.

आत शिरताना तुम्ही वरच्या पातळीवर असता. आधी दिसतात ती छपरं, मग जिन्याने खाली उतरत उतरत आपण रस्त्यावर येतो. बांधणाऱ्याला मनातल्या मनात दाद द्यावी अशी ही युक्ती आहे. घाई करून खाली पळू नका.

म्हणजे सगळं नकलीच की. खरं जुनं काही नाही?

घरं १९८६ सालची आहेत. संग्रहालय उघडलं त्याच वर्षी. कोतो वॉर्डाने ते उभं केलं. नकली म्हणा हवं तर, पण सुतारकाम जुन्या पद्धतीचं आहे, मापं खरी आहेत आणि वस्तू वापरून बघता येतात.

आणि खरं जुनं आणायचं कुठून? या भागात १९२३ च्या भूकंपात आग लागली. ९ आणि १० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकन विमानांनी आगीचे बॉम्ब टाकले, तेव्हा पूर्व टोकियोत एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली. फुकागावा त्यातच होतं. त्याच्याही आधी एदोत, म्हणजे जुन्या टोकियोत, आगी लागतच असत. मागच्या गल्लीतली भाड्याची घरं कधीतरी जळणारच हे धरूनच बांधायची रीत होती. स्वस्त लाकूड, पातळ भिंती, जळलं की पुन्हा उभं. अशा घरांना जपानीत "जळकी घरं" अशा अर्थाचा शब्दच आहे. जी घरं टिकण्यासाठी बांधलीच नव्हती, त्यांचं मूळ रूप टिकणार कसं?

एदो म्हणजे टोकियोच ना? आणि १८४० च का?

हो, तेच शहर. १६०३ मध्ये तोकुगावा इएयासु शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, झाला आणि त्याने इथून कारभार सुरू केला. १८६८ मध्ये एदोचं टोकियो झालं. मधल्या काळात वस्ती दहा लाखांच्या घरात गेली होती.

१८४० च्या आसपासचा काळ जपानीत तेन्पो म्हणून ओळखला जातो, १८३० ते १८४४. १८३३ पासून काही वर्षं मोठा दुष्काळ पडला, १८३७ मध्ये ओसाकात ओशिओ हेइहाचिरो नावाच्या अधिकाऱ्याने उपाशी लोकांसाठी बंड केलं, आणि १८४१ पासून सरकारने चैनीवर बंदी घालायचा सपाटा लावला. अमेरिकन जहाजं यायला अजून दहाबारा वर्षं होती. आपल्याकडचा ताळा घालायचा तर पेशवाई बुडून वीस-बावीस वर्षं झाली होती आणि बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' (१८३२) येऊन गेलं होतं. म्हणजे फार लांबचा काळ नाही. खापरपणजोबांच्या आधीची एखाददुसरी पिढी.

नागाया म्हणजे आपली चाळच का?

हा प्रश्न प्रत्येक फेरीत येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा गिरगाव, परळ किंवा दादरचा असतो.

नागाया म्हणजे शब्दशः लांब घर. एकाच छपराखाली ओळीने खोल्या. मजला एकच, गॅलरी नाही, पण बाकी चाळीच्या माणसाला ओळखीचं खूप सापडेल. नेहमीची खोली नऊ शाकु रुंद आणि दोन केन खोल. आपल्या हिशेबात २.७ मीटर बाय ३.६ मीटर, म्हणजे सुमारे १०५ चौरस फूट. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची होती, त्यावरून अंदाज घ्या. त्यात दाराशी मातीची जमीन, तिथेच चूल आणि मोरी. उरलेल्या साडेचार चटयांच्या जागेत नवरा, बायको, पोरं. कपाट नाही. गाद्या सकाळी गुंडाळून कोपऱ्यात ठेवायच्या आणि पुढे एक बुटका पडदा लावायचा. पाहुण्याला गाद्या दिसू नयेत म्हणून.

खोल्यांमधली भिंत इतकी पातळ की शेजारच्याची शिंक ऐकू यावी. दाराच्या कागदावर राहणाऱ्याचं नाव किंवा धंदा लिहिलेला. प्रत्येक खोलीत संग्रहालयाने एकेक कुटुंब कल्पून ठेवलंय. शिंपल्यातलं मांस काढून दारोदार विकणारा, तांदळाच्या दुकानातला गडी, होडीवाला, लाकूड कापणारा करवत्या, शामिसेन (तीन तारांचं वाद्य) शिकवणारी बाई. माणसांचे पुतळे नाहीत, फक्त त्यांच्या वस्तू. शिंपलेवाल्याच्या दारातली टोपली आणि कावड पाहिली की तो आताच हात धुवायला विहिरीवर गेलाय असं वाटतं. मी मंडळींना सांगते, पाटी वाचू नका, आधी खोली बघून धंदा ओळखा. शामिसेनवाली लगेच ओळखू येते. करवत्यावर मात्र सगळे अडखळतात.

चाळीशी न जुळणारी एक गोष्ट म्हणजे ओया. हा घरमालक नव्हे, मालकाने नेमलेला माणूस. भाडं गोळा करणं, भांडणं सोडवणं, कोणी पकडला गेला तर त्याच्यासाठी हजर होणं, लग्नात मध्यस्थी, सगळं तोच. ओया आईबापांसारखा आणि भाडेकरू लेकरांसारखा, असं तेव्हा म्हणत. अर्थात त्याला या मायेचा मोबदला मिळत असे, आणि तो कुठून येई ते पुढच्या उत्तरात.

तो अर्ध्या दाराचा संडास खरोखर तसाच होता?

हो. दार कमरेएवढंच. आत कोणी बसलंय का ते बाहेरून कळावं आणि कोणी दडून राहू नये म्हणून. पोरं इथे खिदळतात, मोठी माणसं फोटो काढतात. पण या गल्लीतली सगळ्यात मोलाची वस्तू कुठली असं मला विचाराल तर मी इथेच उभी राहीन.

एदोतला मैला फेकला जात नसे, विकला जाई. आसपासच्या गावचे शेतकरी होड्या आणि घोडे घेऊन येत, खत म्हणून मैला नेत आणि त्याचे पैसे देत. कधी पैशांऐवजी मुळे, वांगी किंवा इतर भाजी. नागायाच्या संडासाचं हे उत्पन्न ओयाच्या खिशात जाई. भाडेकरू जितके जास्त तितकी त्याची कमाई जास्त, त्यामुळे भाडं थकवणाऱ्याला तो सहजासहजी बाहेर काढत नसे म्हणतात. मैल्यालाही प्रतवारी होती. सरदारांच्या वाड्यातला महाग, कारण तिथे खाणं चांगलं.

हे सांगितल्यावर सगळे नाक मुरडतात आणि मग बराच वेळ त्याच विषयावर बोलत राहतात. त्या काळच्या लंडनमध्ये बरीचशी घाण नदीत जात होती, हे आठवलं की नाक जरा सरळ होतं.

संडासाच्या बाजूलाच कचऱ्याची पेटी, विहीर आणि इनारी देवाचं छोटं देऊळ. सगळं चार पावलांत.

विहीर आहे म्हणजे पाण्याची सोय चांगली होती?

नव्हती, आणि याचं आश्चर्य वाटतं. एदो शहराला लाकडी नळांतून पाणी येत असे. १६५३ मध्ये तामा नदीपासून सुमारे ४३ किलोमीटरचा कालवा खणून ते आणलं होतं. पण ते सुमिदाच्या पश्चिमेला. फुकागावा म्हणजे समुद्र हटवून केलेली जमीन, त्यातला काही भाग तर शहराच्या कचऱ्याने भरलेला. १६५५ पासून एदोचा कचरा इकडे आणून टाकायचा हुकूम होता. अशा जमिनीतली विहीर खारटच. धुण्याभांड्याला ठीक. पिण्याचं पाणी होडीतून येई आणि पाणीवाला कावडीने दारोदार विकत असे. खोलीत शिरताना डावीउजवीकडे पाण्याचं मोठं भांडं शोधा. चुलीशेजारी ते का आहे हे मग कळेल.

वस्तूंना हात लावला तर ओरडत नाहीत?

नाही! जोडे काढून घरात जा, चटईवर बसा, खण उघडा, उचलून बघा. म्हणून तर मी मंडळींना मोठ्या संग्रहालयांऐवजी इथे आणते. नेलेलं परत जागेवर ठेवा म्हणजे झालं. जोडे मात्र दर घरापाशी काढावे लागतात, तेव्हा नाड्यांचे बूट घालून येऊ नका. मागच्या वेळी एकाने बारा वेळा नाड्या बांधल्या, मी मोजत होते.

तुम्ही प्रत्येकाला चुलीपाशी का बसवता?

कारण तिथे फुंकणी आहे. बांबूची, टोकाला बारीक भोक. हातात घेतली की पन्नाशीच्या पुढच्या बायका काही न विचारता ती ओठांना लावतात. जपानी स्वयंसेवक ते बघून खूश होतात, कारण त्यांच्या देशातल्या मुलांना ती बासरी वाटते.

मोरी जमिनीवरच, बसून भांडी घासायची. शेगडी आहे, तिला हिबाची म्हणतात. त्यात राख आणि निखारे, वर चहाची किटली. जेवायला ताट नाही. प्रत्येकाची एक लाकडी पेटी, तिच्यात त्याची वाटी, बशी आणि काड्या. जेवताना पेटीचं झाकण उलटं केलं की पाट झाला. शेवटी वाटीत चहा ओतून, हलवून, पिऊन टाकायचा आणि भांडी परत पेटीत. रोज धुवायची नाहीत. यावर एका आजींनी "ईऽऽ" केलं होतं, आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "पाणी विकत घ्यायचं तर अजून काय करणार?"

भात दिवसातून एकदाच, सकाळी शिजवायचा. लाकूडफाटा वाचतो. सकाळी गरम भात आणि मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनचं) सार, रात्री तोच गार भात, वर गरम चहा ओतून, लोणच्याशी.

आणि भाजी-आमटी? बाजारात कोण जायचं?

बाजार दारात यायचा. शिंपलेवाला, तोफूवाला, भाजीवाला, मासेवाला, सगळे खांद्यावर कावड घेऊन ओरडत येत. दालनात त्यांच्या आरोळ्या ऐकू येतात. आणि फक्त विकणारे नाहीत, जुनं घेणारे आणि सांधणारेही. छत्रीचा फाटका कागद काढून नेणारा, फुटकी चिनी मातीची भांडी जोडणारा, कढईचं भोक बुजवणारा, चुलीतली राख विकत घेणारा. आपल्याकडचे कल्हईवाले आणि बोहारणी आठवतात, पण राख विकत घेणारा ऐकला की आपलीही विकेट पडते.

बाकी खायला रस्त्यावरच्या गाड्या. एदोत एकट्या पुरुषांची गर्दी फार होती, सुतार, हमाल, नोकरीसाठी गावाहून आलेले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोजणीत शहरवासीयांमध्ये बायकांच्या जवळजवळ दुप्पट पुरुष होते. ज्याच्या खोलीत चूल पेटवायला कोणी नाही तो गाडीवर उभ्याने खाणारच. तेम्पुरा (पिठात बुडवून तळलेले मासे, भाज्या) तेव्हा काडीला टोचून, सगळ्यांच्या सामाईक रसात बुडवून खायची गाडीवरची वस्तू होती. आज त्यासाठी पांढऱ्या टेबलक्लॉथवर बिल भरतात. सोबाच्या (कुट्टूच्या पिठाच्या शेवयांच्या) गाडीवर "दोन आठ" असं लिहिलेलं असे. दोन गुणिले आठ, सोळा, म्हणजे सोळा मोन (तेव्हाची नाणी) किंमत. पिठाचं प्रमाण दोनास आठ, असाही अर्थ सांगतात. दोन्ही पटतात.

तांदळाच्या दुकानात ती मोठी उखळ-तरफ कसली?

पायाने चालवायचं मुसळ. एका टोकावर उभं राहून पाय दाबायचा, दुसऱ्या टोकाचं मुसळ वर जातं, सोडलं की उखळात आदळतं. साळ नव्हे, तपकिरी तांदूळ येई, तो इथे सडून पांढरा करून विकत.

पांढराशुभ्र भात हा एदोतल्या गरिबाचाही अभिमान होता, गावाकडे तो सणासुदीलाच. आणि त्याच भाताने माणसं आजारी पडत. पाय जड होत, चालता येत नसे, आणि गावाला परतलं की काही दिवसांत बरं वाटे. म्हणून या दुखण्याला "एदोचा आजार" म्हणत. तो बेरीबेरी होता. कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व निघून जात होतं, आणि हे जगाला कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. मी हे सांगते तेव्हा मधुमेही काका ताबडतोब ब्राउन राइसचा विषय काढतात.

पहिल्याच दुकानात माशांचा वास येतो असं वाटतं. भास का?

भासच. पण भास व्हावा असंच ते दुकान आहे. सुकवलेले, तेल काढून दाबलेले मासे खत म्हणून विकायचे आणि माशाचं तेल दिव्यासाठी. सागाचो या व्यापाराचं मोठं ठाणं होतं. कोकणात माडाच्या बुंध्यात मासळीचं खत घालतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना समजवावं लागत नाही. इथलं खत मुख्यतः कापसाच्या शेतात जाई. म्हणजे गरिबाच्या अंगावरचं सुती कापड शेवटी या सार्डिनवर उभं होतं. दिव्यात माशाचं तेल जाळलं की धूर आणि वास, पण स्वस्त. मोहरीसारख्या बियांचं तेल बरं, पण महाग. म्हणून नागायात लवकर झोपायचे.

गाइड म्हणाला "आठचे ठोके म्हणजे दुपार". हे कसं?

इथे सगळ्यांचा गोंधळ होतो, माझाही पहिली दोन वर्षं होत होता.

पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचे सहा भाग, रात्रीचे सहा भाग. उन्हाळ्यात दिवस मोठा तर दिवसाचा एक भाग सुमारे २ तास ४० मिनिटांचा, हिवाळ्यात जेमतेम १ तास ५० मिनिटांचा. आपली घटका नेहमी २४ मिनिटांची, घटिकापात्रात बुडणारी, पण जपानी तास ऋतूप्रमाणे ताणला जाई. शिवाय मोजणी उलटी. मध्यरात्री नऊ ठोके, मग आठ, सात, पहाटे सहा, पाच, चार, आणि दुपारी पुन्हा नऊ. मग आठ ठोके म्हणजे दुपारचे दोनअडीच. त्या वेळेला काहीतरी तोंडात टाकायची पद्धत होती, आणि म्हणून आजही जपानी पोरं मधल्या वेळच्या खाऊला "ओयात्सु" म्हणतात. यात्सु म्हणजे आठ. सुपरमार्केटमधल्या बिस्किटांच्या रांगेवर हा शब्द लिहिलेला दिसेल, बघा.

दालनातही दिवस सरतो. कोंबडा आरवतो, उजाडतं, आरोळ्या येतात, मग उजेड मावळतो आणि घराघरातले दिवे लागतात. तेव्हा बोलू नका, मीही बोलत नाही.

मनोऱ्यावरून आग दिसली की विझवायचे कशाने?

विझवत नसत, पाडत असत. पाण्याचा जोर कुठे होता? वाऱ्याच्या दिशेची घरं आकड्यांनी ओढून पाडायची, म्हणजे आगीला पुढे खायला काही मिळत नाही. १६५७ च्या मेइरेकीच्या आगीत लाखभर माणसं गेली असं सांगतात. १७२० च्या सुमारास शहरवासीयांची बंबवाली पथकं नीट बांधली गेली, सुमिदाच्या पश्चिमेला जपानी मुळाक्षरांवरून नावं, आणि पूर्वेला, म्हणजे इथे, वेगळी सोळा पथकं. पाडायला सोपं घर हा त्या पातळ भिंतींचा दुसरा फायदा.

यात भारत कुठे आहे का?

ओढूनताणून आणायचा नाही, पण थोडा आहे. त्या वेळी युरोपियनांपैकी फक्त डचांना नागासाकीत व्यापाराची मुभा होती, आणि त्यांच्या जहाजांतून भारतीय छापील कापड येई. त्याला "सारासा" म्हणत. रेघांच्या एका कापडाचं नाव "सांतोमे", चेन्नईतल्या सांथोमवरून.

गोव्याचा धागा याहून जुना. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहून निघून कागोशिमाला उतरला. पोर्तुगीज पुढे १६३९ मध्ये हाकलले गेले, पण शब्द राहिले. पोर्तुगीजांच्या एकाच शब्दावरून आपण "पाव" म्हणतो आणि जपानी "पान" म्हणतात. तेव्हा बेकरीवर "पान" वाचून तोंडाला पाणी सुटू देऊ नका, आत पावच मिळेल. तेम्पुरा हा शब्दही पोर्तुगीजांकडून आल्याचं मानतात.

आईबाबांचे गुडघे दुखतात. जमेल का?

जमेल. खालच्या पातळीवर जायला लिफ्ट आहे, आणि गल्लीतून फिरायला हरकत नाही. घरांचे उंबरठे उंच आहेत आणि आत बसायचं म्हणजे खालीच. पण खोलीच्या कडेवर पाय खाली सोडून बसता येतं, ओटीवर बसावं तसं. माझ्या अनुभवात ज्येष्ठ मंडळींना तीच जागा सर्वात आवडते.

जपानी येत नाही. आणि तुम्ही नसाल तर?

संग्रहालयाचे स्वयंसेवक असतात, बरेचसे निवृत्त आजीआजोबा, आणि ते मनापासून सांगतात. इंग्रजी येणारे कधी भेटतात, कधी नाही. नसले तरी खाणाखुणांवर भागतं. त्यांना "चूल" दाखवून आपल्या घरची गोष्ट सांगितली तर फेरी लांबते, हे आधी गृहीत धरा.

मी एका वेळी सहाच माणसं घेते. दाराशी असलेली मातीची जमीन धरली तर सहा चटयांची खोली आहे, सातवा दारात अडकतो.

तिकीट, वेळ, रस्ता?

मोठ्यांना ४०० येन, शाळकरी मुलांना ५०. सकाळी साडेनऊ ते पाच, साडेचारनंतर आत सोडत नाहीत. दुसऱ्या आणि चौथ्या सोमवारी बंद. एकदा मीच मंडळींना घेऊन सोमवारी बंद दारापुढे उभी राहिले होते, तेव्हा निघण्याआधी तारीख पुन्हा एकदा बघा, दरसुद्धा.

स्टेशन कियोसुमी-शिराकावा, तिथून चालत तीन-चार मिनिटं. निशिकासाईत उतरला असाल, आणि मराठी पाहुणे बऱ्याचदा तिथेच उतरतात, तर तोझाई लाइनने मोन्झेन-नाकाचो आणि तिथून ओएदो लाइनने एकच स्टेशन.

जवळपास काय? आणि शाकाहारी काय खातील?

शेजारी रेइगान-जी देऊळ. तिथे मात्सुदाइरा सादानोबूची समाधी आहे, शिराकावाचा सरदार आणि अठराव्या शतकाअखेरचा सरकारातला मोठा सुधारक. त्याच्यावरूनच या भागाला शिराकावा म्हणतात. समोरच्या बाजूला थोडं चाललं की कियोसुमी बाग, मित्सुबिशीच्या इवासाकी यातारोने घेतलेली जागा. बाशो हा हायकूकारही १६८० नंतर फुकागावात राहत होता.

खाण्याचं अवघड आहे. इथली खासियत फुकागावा-मेशी, म्हणजे शिंपल्यांचा भात. साध्या सोबाच्या रसातही सुक्या माशाचा अर्क असतो, "मासा नाही ना?" विचारलं तर तुकडा नाही म्हणून "नाही" सांगतात. शाकाहारींनी डबा आणावा किंवा निशिकासाईला परतून डाळभात खावा. कॉफी मात्र या भागात उत्तम मिळते.

एकदा पाहिलं, पुन्हा यावं का?

ऋतू बदलला तर या. नव्या वर्षाची सजावट, तानाबाता (ताऱ्यांचा सण), चंद्र बघायचा सण, असं त्या त्या वेळी मांडतात. चंद्राचा सण आपल्या कोजागिरीसारखाच, बहुतेक वर्षी तिच्या महिनाभर आधी येतो. दुधाऐवजी तांदळाच्या पिठाचे गोळे.

ओसाकाला जाणार असाल तर तेन्जिनबाशी सहाव्या भागात असंच एक संग्रहालय आहे, त्याच काळातलं ओसाका इमारतीच्या वरच्या मजल्यांवर उभं केलेलं. ते जास्त चकचकीत आहे. ऱ्योगोकुचं मोठं एदो-टोकियो संग्रहालय एप्रिल २०२२ मध्ये लांब दुरुस्तीसाठी बंद झालं होतं, जायचं तर आधी चौकशी करा.

मुलं कंटाळतील का?

पाच वर्षांखालची पळतील, त्यापुढची रमतील. कंटाळली तर त्यांना छपरावरचं मांजर शोधायला सांगा. त्याचं नाव मामेसुके. आत शिरल्या शिरल्या, जिना उतरण्याआधी दिसतं. ते खरं नाही, यंत्राचं आहे, हलतं आणि म्याव करतं. हे मुलांना आधी सांगू नका. माझ्या भाचीने सबंध फेरीभर त्याच्यासाठी खिशात बिस्किट जपून ठेवलं होतं.